अक्षदाच्या लग्नातली कपात

राजुरीत बाळासाहेबांकडे चहाला जायचं तर हाताशी वेळ हवा. माणूस कष्टाळू, गोठा आरशासारखा. पण टीव्हीवर राज्याच्या कर्जाचा विषय निघाला, की धार अर्धी सोडून हे घरात. सरकार समोरच्यांचं असलं की तूट म्हणजे राज्य बुडालं. आपल्यांचं असलं की तीच तूट म्हणजे विकास. मधल्या काळात सरकारं बदलली, तसे बाळासाहेबही बदलले. आवाज तेवढा तोच राहिला.

मंगलताईंना या आवाजाचं काही वाटत नसे. पण लेकीचं, अक्षदाचं, ओतूरला जमत आलं होतं. रामदासभाऊंचा समर्थ तिच्या मनात भरला होता, आणि रामदासभाऊ नेमके समोरच्या पक्षाचे! मागच्या वर्षी आणे गावचं चांगलं स्थळ पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत उठून गेलं होतं. बाळासाहेबांनी मुलाच्या चुलत्याला राज्याच्या तिजोरीचा हिशेब विचारला होता.

बोलणीच्या दिवशी सकाळीच मंगलताईंनी बजावलं, "आज तूट हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाई."

"मी काय येडा हाय का?"

मंगलताई पोहे भिजवायला आत गेल्या.

पाहुणे आले, पोहे झाले, बाळासाहेब शहाण्यासारखे वागले. मग रामदासभाऊ आरामात टेकून म्हणाले, "लग्न एकदाच व्हतं, राव. दणक्यात करू. पैशाचं पुढचं पुढं."

"हेच ते!" बाळासाहेब ताठ झाले. "तुमच्या सरकारचं बी हेच. पैशाचं पुढचं पुढं!"

मंगलताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"आन् तुमचं व्हतं तवा? कर्जाबिगर रस्तं व्हत न्हाईत, असं कोण म्हणत व्हतं?"

"ते रस्त्यासाठी व्हतं. तुमी तर फुकट वाटताय!"

"मग मंगलताईंच्या खात्यात महिन्याला सरकारचे पैसे येत्यात, ते परत करा की!"

समर्थ छताकडे बघू लागला, अक्षदा फरशीकडे. संपलं, असं मंगलताईंनी मनाशी धरलं. पण कुणी उठेना.

"शिस्त काय असती ती आमच्याकडनं बघा," बाळासाहेब गरजले. "डीजे रद्द!"

"आमच्याकडनं ड्रोन रद्द!"

"फेटे रद्द!"

"फटाके रद्द!"

"घोडी रद्द!"

"घोडी आमची हाय, बाळासाहेब."

"मग तुमी करा रद्द!"

"केली!"

एकापेक्षा एक काटकसरी! मंगल कार्यालय गेलं, घरापुढचा मांडव आला. पन्नास जणांचा बस्ता होता, तो पाच जणांवर उतरला. रामदासभाऊंच्या बायको नूतनताई मंगलताईंच्या कानाशी वाकल्या, "विहीणबाई, जेवण तरी ऱ्हाईल का?"

विहीणबाई! मंगलताईंनी ट्रे खाली ठेवला. म्हणजे जमलं होतं. आता त्यांना बोलायला कुणाची भीती नव्हती.

"आन् पुढारी?" त्यांनी विचारलं.

आपल्याकडे मुहूर्त भटजी काढतात, पण लग्न लागतं ते साहेबांची गाडी आल्यावर. तोवर सरपंचापासून सोसायटीच्या संचालकापर्यंत सगळे माईक धरून आशीर्वाद देतात आणि नवरा-नवरी घाम पुसत उभे.

"साहेब तर पायजेतच!" दोन्ही व्याही एका सुरात म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं एकमत.

"तुमचे आले की ह्यांचे येणार. मग तूट कुणी वाढवली त्याची भाषणं, आन् माणसं उपाशी. पुढारी रद्द."

"अगं, पण..."

"शिस्त म्हंजी शिस्त," मंगलताई म्हणाल्या. नूतनताईंनी मान डोलावली, अक्षदाने त्यांच्यापेक्षा जोरात.

लग्न मुहूर्तावर लागलं. उशिरा यायची सवय असलेले निम्मे पाहुणे थेट पंगतीलाच पोचले. सगळे खूश, फक्त दोन व्याही मांडवाच्या कडेला, मांडीला मांडी लावून, तोंड पाडून जेवत होते.

"सरकार लई कडक हाय, व्याही," रामदासभाऊ पुटपुटले.

"काय करता? बहुमत त्यांचं. आपुन आता विरोधी पक्ष."

मागून येणाऱ्या मंगलताईंनी ते ऐकलं आणि दोघांच्या ताटात एकेक जिलबी जास्तीची वाढली. ती मात्र कुणी रद्द केली नाही.