हेल्मेटातलं घरटं

आमच्या घरच्या एका खोलीत सारस पक्ष्यांवर संशोधन करणारा भाडेकरू राहतो. दिवसभर धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, पक्षी बुजू नयेत म्हणून जपून वावरायचं, त्यामुळे हळू बोलायची, तिरकं चालायची आणि कुणाकडे सरळ न बघायची सवयच त्याला लागली आहे. चहा हवा असला तरी तो दाराआडून कुजबुजतो. "हा माणूस चाय मागून राहिला का चोरी करून राहिला?" असं बायको मला विचारते.

शेतकऱ्यांनाही तो कुजबुजूनच बजावतो, की सारसाचं घरटं दिसलं तर तेवढा धान उभा सोडा आणि जवळ फिरकू नका.

मागच्या आठवड्यात आमची कोंबडी खुडूक झाली आणि ओसरीवर ठेवलेल्या त्याच्या हेल्मेटात अंड्यांवर बसली. मी तिला उचलायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला.

"घरटं आहे," तो कुजबुजला.

कुणी जवळ जाऊ नये म्हणून त्यानं ओसरीला आडवी सुतळी बांधली आणि हेल्मेटशिवाय गाडी नको म्हणून माझीच सायकल घेऊन बांध्यांकडे जाऊ लागला. आम्ही आपल्याच घरात मागच्या दारानं शिरू लागलो. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

परवा तिरोड्याहून साळा आला. कोंबडी बघून खूश झाला आणि ओरडला, "भाऊजी, आज हिचाच रस्सा होऊन जाऊ द्या!"

मी तिरका तिरका त्याच्यापाशी गेलो, त्याला सुतळीपासून मागं ओढलं आणि कानात म्हणालो, "हळू बोल ना बाप्पा. घरटं हाये."