समुद्राच्या ओटीत मालकांचे दात

आमच्या मालकांचे दात मी समुद्राला वाहिले, त्याला आता दोन वर्षं होतील. हळद-कुंकू लावून, हात जोडून, अगदी रीतीप्रमाणे वाहिले.

दात म्हणजे कवळी. वरची आणि खालची, दोन्ही. (वाहायचंच तर अर्धं कशाला?)

आमचे मालक सैन्यात होते. तिथं त्यांचे एक दोस्त होते सदाभाऊजी, कोकणातले, दाभोळचे. वाळवंटात छावणी पडली की हे सदाभाऊजी डाळ-रोटी पुढ्यात घेऊन आपल्या बायकोच्या हातच्या सुरमईचं वर्णन करायचे. डाळ आमच्या मालकांच्या पोटात जायची आणि सुरमई डोक्यात. पेन्शनीत आले तरी ती डोक्यातनं उतरली नाही. आष्ट्याच्या बाजारातनं मी बर्फातला मासा आणला, की पहिला घास घ्यायच्या आत ह्यांचं सुरू, "ह्येला मासा म्हणत्यात व्हय? मासा खावा दाभोळात, सदाच्या घरी." वीस वर्षं मी हे ऐकलं. शेवटी एका साली ऊस तुटून गेला, म्हैस शेजारणीच्या हवाली केली आणि म्हटलं, "चला, एकदाचा खावा त्यो मासा. माझं कान तरी सुटतील."

शुक्रवारी जायचं, रविवारी परत यायचं, असं ठरलं. मी बाजारातनं दोन हिरवे खण आणले. एक सदाभाऊजींच्या बायकोच्या ओटीला आणि एक समुद्राला. मोठं पाणी पहिल्यांदा ओलांडताना त्याची ओटी भरायची, ही आमच्या घरची रीत. समुद्राची ओटी मी घरीच बांधून घेतली. मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, एक नाणं. दुसरा खण नुसता घडी करून पिशवीत टाकला.

एस्टीत हे राजासारखे खिडकीला बसले. पाटण येईपर्यंत कालवण कसं असेल ते सांगत होते. कोयना मागं पडली आणि कुंभार्ली घाटात ह्यांचं पोट वर आलं. बर्फात पहारा दिलेला माणूस, पण तिसऱ्या वळणाला पांढराफटक पडला. खिडकीतनं डोकं बाहेर काढायच्या आधी मात्र सैन्यातली शिस्त! कवळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सांभाळ."

मी पिशवीत हात घातला, जे कापड हाताला आलं त्यात कवळी गुंडाळली आणि वर गाठ मारली. कापड आलं ते हिरवं. म्हणजे आता पिशवीत दोन हिरवी गाठोडी झाली, दोन्ही मुठीएवढी. हे मला दिसलं नाही असं नाही. चांगलं दिसलं. पण मी म्हटलं, मला काय एवढं कळत नाही का, कुठलं कुठलं ते?

चिपळुणात गाडी बदलून खाडीच्या काठाला उतरलो. पलीकडं दाभोळ दिसत होतं. मधल्या पाण्यात फेरीबोट. ती एवढी मोठी, की तिच्या पोटात ट्रकसुद्धा चढत होते. हे पायऱ्या चढून वर जाऊन उभे राहिले. वारा लागला तशी तोंडावर कळा आली. बिनदाताच्या तोंडानं शेजारच्या माणसाला सुरमईचं सांगायला लागले. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो जरा सरकून उभा राहिला.

बोट मधोमध आली तशी मी कठड्याशी गेले. गाठोडं काढलं, त्यावर हळद-कुंकू वाहिलं. आतलं काहीतरी टणक हाताला लागलं. मी म्हटलं, हळकुंड. ह्यांना हाक मारली, "आवं, हात जोडा की." जोडतात कुठले! टाचा जुळवल्या, छाती काढली आणि कडक सलाम ठोकला. गाठोडं पाण्यात गेलं, एकदा वर आलं आणि बुडालं. तेवढा वेळ ह्यांचा हात कपाळावरनं हलला नाही. स्वतःच्या दातांना एवढा मान देणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

सदाभाऊजी धक्क्यावर घ्यायला आले होते. घरी गेलो तर त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, पानंच वाढायला घेतली होती. तळलेली सुरमई, पापलेटचं कालवण, वाफेचा भात. मालक पाटावर बसले. वीस वर्षांचा मासा समोर आला होता. माझ्याकडं न बघताच त्यांनी हात पुढं केला. "दात दे."

मी गाठोडं दिलं. ह्यांनी गाठ सोडली. तांदूळ मांडीवर सांडले. मग हळकुंड निघालं, सुपारी निघाली, नाणं निघालं. ह्यांनी सगळं ओळीत मांडलं.

"ह्यातलं तोंडात काय बसवू?" म्हणाले. "सुपारी का हळकुंड?"

लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. "तुमचं दात समुद्राला गेलं," मी सांगितलं. "सलाम तुमीच ठोकला."

सदाभाऊजींनी धक्क्यावर ओळखीच्या कोळ्याला फोन लावला, की जाळ्यात हिरवं गाठोडं आलं तर ठेव. त्यानं आत काय आहे विचारलं, कसं पडलं विचारलं. ओटीतलं आहे म्हटल्यावर म्हणाला, मग ते दर्याचं झालं, सापडलं तरी परत आत सोडणार. फोन ठेवून सदाभाऊजी उठले, मोरीत गेले, आणि आपली स्वतःची कवळी गरम पाण्यानं धुऊन घेऊन आले.

"एका थाळीत जेवलोय आपण," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "घाल."

आणि ह्यांनी घातली! पण सदाभाऊजींचा जबडा घोड्याएवढा. ह्यांचं तोंड मिटेना. वरचे दात ओठांबाहेर आणि खालचे दात बोलताना वेगळेच चालत होते. एक माणूस दातांशिवाय हसत होता, दुसऱ्याला दातांमुळं हसता येत नव्हतं. मी उठून ती कवळी काढून घेतली आणि ज्याची त्याला परत केली. अजून एक हरवली असती तर मला दाभोळातच राहावं लागलं असतं.

हे ताटाकडं नुसते बघत होते. कालवण निवत चाललं होतं. त्या क्षणाला मला खरंच वाईट वाटलं, आणि मला सहसा वाटत नाही.

सुमनवहिनी मात्र शांतपणे ह्यांच्या शेजारी बसल्या. सुरमईचा तुकडा उचलला, बोटांनी काटा वेगळा केला, आतला मऊ गर कालवण-भातात कालवला आणि ताट पुढं सारलं. "माशाला दात कशाला हवेत, भाऊजी? काटा काढला की झालं. आमच्याकडची पोरं दात यायच्या आधीपासून खातात."

ह्यांनी घास घेतला. मग दुसरा. चौथ्या घासाला थांबले, डोळे मिटले. मला वाटलं, काटा राहिला.

"सदा," हे म्हणाले, "तू खोटं बोलत हुतास गड्या."

सदाभाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"तू सांगत हुतास, त्याच्यापेक्षा ह्ये लय भारी हाय."

सुरमईचे सहा तुकडे आणि एक अख्खं पापलेट, एवढं त्या बोळक्या तोंडात गेलं. शेवटी हात धुताना हे माझ्याकडं वळले आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "दात लागलंच न्हाईत बघ. म्हंजी आजवर ते लागत हुतं ते फकस्त तुझ्या भाकरीला."

सांगलीला जाऊन नवी कवळी करून घेतली. त्यानंतर दाभोळला आम्ही तीनदा जाऊन आलो. तिथं ती खिशातनं बाहेरही निघत नाही. घरी मी ताट वाढलं की मात्र हे आधी वरची बसवतात, मग खालची, दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघतात, आणि मगच भाकरीला हात लावतात. आणि मी इतकी वर्षं गल्लीत सांगत फिरले, की आमचे मालक माझी भाकरी किती चवीनं, सावकाश चावून खातात!