बॅटरी बदलता बदलता रचलेलं कवन

कोक्शेताउकडच्या गावांत ओरिनशाला कोण ओळखत नव्हतं! दोन शाहीर दोंब्रा घेऊन समोरासमोर बसायचे, तारा छेडत जागच्या जागी कवनं रचायचे आणि एकमेकांची फिरकी घ्यायचे. त्या सवाल-जवाबात तिने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. पण धाकटी मुलगी जन्मली आणि ओरिनशाचं हृदय थकत गेलं. एक ओळ म्हणता म्हणता धाप लागायची. शेवटी दोंब्रा खुंटीला गेला.

राजधानी अस्तानाचे डॉक्टर म्हणाले, "दुसरं हृदय मिळेल तेव्हा मिळेल. तोवर आत पंप बसवू, रक्त तो अखंड ढकलेल. मनगटाला नाडी मात्र लागणार नाही."

पोटातून एक वायर बाहेर आली, खांद्यावरच्या पिशवीतल्या बॅटऱ्यांना जोडली गेली. उन्हाळ्यापर्यंत ओरिनशा कुरणात घोड्यांमागे हिंडू लागली. एकदा घोडीचं दूध काढताना ती नकळत गुणगुणली. नवरा, तोलेगेन, दारातच थबकला.

"बघतोस काय असा?"

"काही नाही. गा तू."

पुढच्या वसंतात, नौरिझच्या सणाला ती पुन्हा मंचावर बसली. समोर जिभेला धार असलेला तरणाबांड बेकझान. त्याने सुरुवातच केली:

"पिशवी घेऊन आपा आली, बाजाराची वाट चुकली का?
नाडी हाताला लागत नाही, काळीज घरीच विसरली का?"

लोक चपापले. ओरिनशा मात्र खळखळून हसली. उत्तराला तोंड उघडणार, तोच पिशवीतून पीं-पीं सुरू झालं. बॅटरी उतरली होती. तोलेगेन धावत मंचावर चढला, एक बॅटरी बदलली, मग दुसरी. ओरिनशाचा दोंब्रा काही थांबला नाही.

"इतरांचे नवरे फुलं देती, माझा आणतो बॅटरी-जोडी,
काळीज माझं याच्या हाती, घरी कशाला ठेवू वेडी?
तुझंच काळीज धडधडतंय, ऐकू येतंय इथवर रे,
बाईपुढे जर एवढा भ्यालास, दोंब्रा खाली धर रे!"

हशा असा उसळला की बेकझानला पुढची ओळ सुचेना. हसता हसता त्याने आपला जरीचा अंगरखा उतरवला आणि तिच्या खांद्यावर घातला. "आपा, मी हरलो. तोलेगेनदादा, तुमच्यामुळे हरलो!"

कान लाल झालेला तोलेगेन जुन्या बॅटऱ्या छातीशी धरून तसाच उभा.

आता लग्नाबारशाची आमंत्रणं थांबत नाहीत. "जेवायला काय करू?" असं यजमानांनी विचारलं की तोलेगेन सांगतो, "घोड्याचं मटण तिला आवडतं. पण आधी सांगा, बसायच्या जागेशेजारी प्लग आहे ना?"