स्नेहलताकाकूंचं मत

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या एका गावात बेसबॉलचं मैदान आहे. तिथली कुंपणाला टेकलेली पांढरी खुर्ची अकरा वर्षं स्नेहलताकाकूंची होती.

मुलगा मल्हार नऊ वर्षांचा असताना त्या त्याला खेळायला घेऊन यायच्या. एका रविवारी स्कोअर लिहिणारा आलाच नाही. काकूंनी सांगलीला कॉलेजात क्रिकेटचा स्कोअर ठेवलेला. त्यांनी पेन्सिल उचलली, ती उचललीच. जर्मनच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या बाईला इथे बोलावं लागत नव्हतं. चौकोन आणि आकडे, बस्स. पुढे पुढे खेळाडू बाद झाला की पंचाआधी काकूंकडे बघायचा. गावात त्यांना नावानं हाक मारणारी माणसं तेवढीच.

यंदा संघ पहिला आला. वरच्या लीगमध्ये जायचं की नाही, यासाठी क्लबची सभा ठरली. वर गेलं की स्कोअर टॅब्लेटवर, आणि लिहिणाऱ्याला परवाना हवा. त्याची परीक्षा जर्मनमध्ये. त्यामुळे काकूंसमोर कुणी विषयच काढेना. मल्हार आता संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; तोही जेवताना फोनमध्ये डोकं घालून बसायचा.

सभेला काकू नेहमीसारखा पोह्यांचा डबा घेऊन गेल्या. बाजूनं सतरा हात वर झाले, त्यात मल्हारचा. विरोधात सोळा, आणि मागच्या रांगेतून काकूंचा. सतरा-सतरा. बरोबरी झाली की ठराव पडतो.

अध्यक्ष उलीनं यादी पाहिली, परत पाहिली.

"स्नेहलता, तू सभासद नाहीस."

काकूंना आधी थट्टाच वाटली. मग कळलं. मल्हारचा अर्ज त्यांनीच भरला होता. स्वतःचा भरायचं मनातच आलं नाही. आपल्या माणसांत अर्ज कसला करायचा? त्यांनी हात हळूच खाली घेतला. संघ एका मतानं वर गेला.

मल्हार जवळ आला. एरवी जर्मनमध्ये उत्तरं देणारा, आज मराठीत म्हणाला, "आई, मला माहीत नव्हतं."

"काय? मी सभासद नाही ते?"

"तू विरोधात आहेस ते."

"मलाही नव्हतं रे. हात वर गेला तेव्हा कळलं." त्यांनी डबा त्याच्याकडे सरकवला. "पोहे वाढ सगळ्यांना. गार होतील."

उली अर्ज घेऊन आला. ओशाळला होता, आत्ता भर, म्हणाला. काकूंनी पर्समधली पेन्सिल काढली. नाव, पत्ता, जन्मतारीख. शेवटी दोन चौकोन होते: एक क्लबात काही करणाऱ्यांचा, एक नुसतं बघायला येणाऱ्यांचा. उलीनं पहिल्यावर बोट ठेवलं.

काकूंनी त्याचं बोट अलगद बाजूला केलं आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. स्कोअरशीटवर करायच्या तशीच, रेघेबाहेर न जाऊ देता.