टपावरचं तळं

साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हरकाकांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. बावीस वर्षांत तीन गाड्या झाल्या, पण पुसणं तेच. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग पॉलिश, आणि शेवटी स्वतःचा चेहरा दिसेस्तोवर घासणं. साहेब मागे बसून फोनमध्ये तोंड खुपसायचे. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

यंदा नवी काळी गाडी आली आणि रोज संध्याकाळी टपावर भुंगेरे येऊन आपटू लागले. शेजारचा ड्रायव्हरच ते टाकतो, असं मनात धरून काकांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. शेवटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या लेकीने एक भुंगेरा तळहातावर उलटा करून त्याचे वल्ह्यांसारखे पाय दाखवले.

"बाबा, हे पाण्यात राहणारे आहेत. या तळ्यातून त्या तळ्यात उडत जातात. तुमचा टप इतका चकाकतो, की त्यांना खाली पाणीच वाटतं."

त्या दिवशी काकांचे पाय जमिनीवर नव्हते. कोणीतरी दाद दिली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "गाडीवर किडे असतात. पुसत जा जरा."

आता उपाय एकच होता. काकांनी काळजावर दगड ठेवून फडकं खुंटीला टांगलं. चार दिवसांत टपावर धुळीचा थर बसला आणि भुंगेरे यायचे बंद झाले. पाचव्या दिवशी साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली, बावीस वर्षांत पहिल्यांदा काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याला म्हणतात गाडी पुसणं."