कंपनी रेटवर महाबळेश्वर

हल्ली मुलं हॉटेल बुक करताना मोबाइलवर ऑफिसचा कोड टाकतात आणि दर चटकन खाली येतो. मला दर वेळी आई आठवते. नव्वदच्या दशकात ती डोंबिवलीला, मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. साहेबलोकांसाठी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात फोनवरून खोल्या बुक करायची. कंपनीचं नाव, कोड अठ्ठावीस, "पत्र पाहुण्यांसोबत येईल." की तीनशेची खोली दोनशेला! स्वतः मात्र तिने माथेरानसुद्धा पाहिलं नव्हतं. शेवटी मोठे साहेबच म्हणाले, "अहो बाई, एकदा तुम्हीही जा की कोडवर." दिवाळी झाल्यावर आम्ही मायलेकी निघालो.

ठाण्याला खोपटच्या डेपोतून सकाळची एसटी पकडली. तुम्ही जाणार असाल तर पुढची सीट धरा, आंबेनळी घाटात पोट ढवळतं. महाडला वडा आणि चहा झाला. पोलादपूर मागे पडलं आणि आई एकदम ताठ बसली.

"अगं, पत्र!"

"कुठलं पत्र?"

"कंपनीचं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातात पाकीट देतेय, स्वतःला द्यायचंच राहिलं की गं!"

मला हसू आवरेना आणि तिला रडू. पूर्ण दर द्यायचा तर आमचे दोन दिवस एकावर येणार होते. त्याहून जास्त भीती तिला होती ती आपण खोटं बोलतोय असं हॉटेलवाल्यांना वाटण्याची.

हॉटेलच्या काउंटरवरचा तरुण नम्र होता, पण ठाम. "सॉरी मॅडम, लेटरशिवाय कंपनी रेट नाही देता येत."

सवयीने, फोनवरच्या त्याच ठेवणीतल्या सुरात आईच्या तोंडून निघालं, "नमस्कार, मानपाड्याहून बोलतेय. कोड अठ्ठावीस..."

आतल्या केबिनचं दार उघडलं. पांढऱ्या केसांचे मॅनेजर चष्मा सावरत बाहेर आले.

"डोंबिवलीच्या ऑपरेटर बाई? अहो, बारा वर्षं ऐकतोय हा आवाज! पत्र कसलं मागतोस रे यांच्याकडे?"

"म्हणजे 'जरा लाइन धरा हं' म्हणणारे ते तुम्हीच?" आईने विचारलं, आणि दोघं जुनी ओळख असल्यासारखी हसली. होतीच म्हणा.

खोली दरीच्या बाजूची मिळाली. दोन्ही दिवस आम्ही पॉइंट पाहत पायपीट केली, मक्याचे पॅटिस आणि भाजलेले चणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी तिने मला सहालाच हलवून उठवलं. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती.

"साहेबांना मी सांगायचे, व्ह्यू छान आहे म्हणून," ती हळूच म्हणाली. "सगळं अंदाजपंचे गं."

खिडकीशी उभ्या आईकडे बघून मला फार बरं वाटलं, आणि आजवर तिला कुठेच नेलं नाही याची लाजही.

सोमवारी ती डबा विसरली म्हणून मी कंपनीत गेले. एक साहेब तिच्या बोर्डापाशी उभे होते. "बाई, ती दरीकडची खोली खरंच चांगली आहे का हो?"

आईने हेडफोन कानावरून काढला.

"सहाला उठा, साहेब. खिडकी उघडा. मी पाहिलंय."