बिल्ल्यावरचे उपपद

अलकनंदा खांबेटे यांना ‘श्रीमती’ हा शब्द एकाच वर्षात दोनदा मिळाला. पहिल्यांदा १९६७च्या जूनमध्ये, यजमानांच्या तेराव्यानंतर सासऱ्यांचे पुण्याहून पहिले पत्र आले त्याच्या पाकिटावर. तोवर त्यांच्या नावाआधी ‘सौ.’ असे. ते पाकीट त्यांनी दोन दिवस फोडले नाही. दुसऱ्यांदा दिल्लीत, यजमानांच्या जागी केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून रुजू झाल्या तेव्हा, हजेरीपटावर. तो वाचून मात्र त्या थबकल्या. कारण वरच्याच ओळीतल्या श्रीमती चोप्रांचे यजमान रोज संध्याकाळी त्यांना न्यायला फाटकाशी उभे असत. मराठीत जी पुसलेल्या कुंकवाची खूण, ती हिंदीत कोणत्याही लग्न झालेल्या बाईची साधी ओळख होती. कचेरीत कोणी त्यांच्या कपाळाकडे पाहून शब्द निवडत नव्हते. पुढची अकरा वर्षे त्यांनी शेकडो श्रीमती लिहिल्या आणि हाताला ते वळणच पडले.

फरीदाबादची भाड्याची खोली सोडून त्या सरोजिनीनगरच्या सरकारी घरात आल्या, तेव्हा शेजारच्या मराठी भगिनी मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. संक्रांतीला निरोपही आला: ‘हळदीकुंकू आटोपलं की तिळगुळाला या.’ निरोप आणणारीने तो मायेने सांगितला होता. अलकनंदाबाई सातनंतर गेल्या.

त्यामुळे १९७८च्या मार्चमध्ये मंडळाने प्रथमच महिला दिन करायचे ठरवले, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी तसे आवाहन केले होते. कार्यक्रमात हळदीकुंकू नव्हते. म्हणजे या एका दिवशी त्यांना पहिल्यापासून, सगळ्यांबरोबर बसता येणार होते. शिवाय अध्यक्ष कुमुद गरुड यांनी त्यांच्यावर दोन कामे सोपवली. दिवसाचा इतिहास पंधरा मिनिटांत सांगायचा, आणि अक्षर सुरेख म्हणून बत्तीस सभासदांच्या नावांचे बिल्ले लिहायचे. चारचौघांत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात बसून त्यांनी टिपणे काढली. बिल्ले आदल्या दिवशी, एका बैठकीत लिहिले.

बुधवारी साडेपाचला शाळेच्या सभागृहात कुमुदताईंनी बिल्ल्यांचे तबक पुढे ओढले आणि त्या ओरडल्याच.

“अहो खांबेटेबाई, हे काय करून ठेवलंत? बत्तीस जणींचं कुंकू एका दौतीत पुसलंत!”

सुनंदा केळकरांनी आपला बिल्ला उचलून वाचला. “श्रीमती सुनंदा! अच्छा? मग बाहेर स्कूटर लावतायत ते कोण?”

हशा पिकला, पण सगळ्याच हसल्या नाहीत. वयाने सर्वांत मोठ्या तानूबाईंनी एका हाताने मंगळसूत्र धरले आणि दुसऱ्या हाताने आपला बिल्ला तबकात पालथा घातला.

“कचेरीची सवय,” अलकनंदाबाई म्हणाल्या. ते खरेच होते. तरी बत्तीस वेळा लिहिताना आपला हात एकदाही कसा अडखळला नाही, याचा उलगडा त्यांना स्वतःलाही होईना.

“चलो, होतं असं,” कुमुदताई समजुतीने म्हणाल्या. “पटकन सौ. करून टाका सगळीकडे. तुमचा तेवढा राहू दे, तो बरोबरच आहे.”

तो बरोबरच आहे. एकतीस एकीकडे आणि एक एकीकडे. आणि तो एक लावून आपण सर्वांसमोर उभे राहायचे. संक्रांतीची सात वाजताची वेळ आता पदरावर टाचून मिळत होती. अलकनंदाबाईंनी फुलांच्या टेबलावरची कात्री घेतली आणि आपल्या बिल्ल्याचा ‘श्रीमती’ लिहिलेला तुकडा कापून टाकला.

“नवे पुठ्ठे नाहीत, वेळही नाही. एवढं मात्र करता येईल.”

“नुसतं नाव? शाळेतल्या मुलींसारखं?” कुमुदताईंचा आवाज चढला.

“माझाही कापा, बिल्कुल!” सुनंदाबाईंनी बिल्ला पुढे केला. “नुसतं सुनंदा कोणी म्हटल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही.”

कुमुदताईंनी घड्याळाकडे पाहिले, भरत आलेल्या खुर्च्यांकडे पाहिले. “कापा,” त्या म्हणाल्या. तानूबाईंनी बिल्ला लावलाच नाही, आणि त्यांना कोणी आग्रहही केला नाही.

वक्त्यांची ओळख करून देताना कुमुदताई ‘आता आपल्याशी बोलतील’ एवढे म्हणून सवयीने अडल्या. मग खाली वाकून त्यांनी बिल्ला वाचला. “अलकनंदा खांबेटे.”

कोपनहेगनच्या परिषदेत १९१० साली मांडलेल्या ठरावापासून अलकनंदाबाईंनी सुरुवात केली. आवाज थोडा कापत होता. पुढच्या वर्षी काही देशांनी हा दिवस एकोणीस मार्चला पाळला, हे त्यांनी सांगितले. मग १९१७ साली रशियात बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, तिथे आल्यावर आवाज स्थिरावला. “त्यांच्या पंचांगात त्या दिवशी तेवीस फेब्रुवारी होती. बाहेरच्या जगात आठ मार्च.”

“मग खरी तारीख कुठली?” सुनंदाबाईंनी मध्येच विचारले.

“दोन्ही. आपण कुठे उभ्या आहोत, त्यावर आहे.”

चहा झाल्यावर कुमुदताई तबक घेऊन बिल्ले परत गोळा करीत आल्या. “भाषण छान झालं. पण पुढच्या वर्षी बिल्ले मी लिहिणार हं!”

“अवश्य लिहा,” अलकनंदाबाई पदरावरची टाचणी काढीत म्हणाल्या. “पुठ्ठे मात्र मी आखूड कापून देईन.”